लाकडी फर्निचर ब्लीच करताय? या चुका टाळा

जुनं सागवानी कपाट काळपट दिसायला लागलं की पहिला विचार येतो ब्लीचचा. पण बहुतेक वेळा काळं पडलेलं असतं ते वरचं पॉलिश. चपड्याचं, म्हणजे लाखेपासून बनवलेलं, जुनं पॉलिश वर्षानुवर्षं पिवळं, मग तपकिरी होत जातं, त्यात हाताचा मळ आणि तेल बसतं. खालचा साग चांगला सोनेरी असतो. त्यामुळे बाटली उघडण्याआधी एक काम करा. कपाटाच्या मागे किंवा ड्रॉवरच्या आतल्या कडेला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळा चहासारखा तांबूस निघाला, तर ते चपड्याचं पॉलिश आहे. ते स्पिरिटने पुसून, पॉलिश पेपर मारून काढा आणि मग ठरवा. अर्ध्याहून जास्त घरांत काम इथेच संपावं, असं माझं मत आहे. स्पिरिटने काहीच झालं नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) हे कडक थराचं पॉलिश असेल. ते पेंट रिमूव्हरने किंवा घासून पूर्ण निघाल्याशिवाय ब्लीच आत शिरतच नाही. अर्धवट निघालेल्या पॉलिशवर ब्लीच लावणं हेच चट्टे पडण्याचं सगळ्यात मोठं कारण.

दुसरी चूक म्हणजे सगळ्याला एकच ब्लीच. कपडे धुवायचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, डाय प्रकारचा, म्हणजे विरघळून लाकडात मुरलेला, वरून दिलेला रंग उडवतं. लाकडाचा मूळ रंग त्याने फारसा हलत नाही. कुंडीखालचं काळं वर्तुळ किंवा खिळ्याभोवतीचा काळा डाग हा ओलाव्यामुळे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य एकत्र येऊन झालेला असतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅमच्या आसपास, प्लॅस्टिकच्या भांड्यात. आणि फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर लावा, नाहीतर काळ्या वर्तुळाच्या जागी पांढरं वर्तुळ उरेल. लोखंडी भांडं किंवा तारेची घासणी चुकूनही वापरू नका, तिचे कण रुतले की नवे काळे ठिपके तयार.

लाकडाचा स्वतःचा रंग खरोखर उतरवायचा असेल तर दोन भागांचं ब्लीच लागतं: कॉस्टिक सोडा आणि तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. कॉस्टिक लावल्यावर लाकूड आधी आणखी गडद होतं. घाबरून तिथेच धुऊन टाकू नका, रंग पेरॉक्साइडनंतर उतरतो. केमिस्टकडचं 3 टक्क्यांचं पेरॉक्साइड यासाठी कमी पडतं आणि 30 टक्क्यांचं त्वचा भाजतं. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, जागा हवेशीर हवी. शक्य असेल तर हे काम अनुभवी पॉलिशवाल्याकडे द्या.

यातली कोणतीही दोन रसायनं मनाने एकत्र करू नका. हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड गेलं, अगदी व्हिनेगरसुद्धा, तर क्लोरीन वायू निघतो. अमोनिया गेला तरी विषारी वायू. म्हणून धुण्याची पद्धतही वेगळी: हायपोक्लोराइटनंतर फक्त भरपूर साधं पाणी, ऑक्झॅलिकनंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, दोन भागांच्या ब्लीचनंतर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. नंतर पुन्हा साध्या पाण्याने पुसा. ऑक्झॅलिकचे कण लाकडात राहिले तर घासताना ती धूळ नाकात जाते, ती विषारी असते, मास्क लावा.

विनियर असेल तर जास्त जपा. वरचा लाकडी पापुद्रा बहुधा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. पाणी साचलं की फुगतो, जोरात घासलं की खालचा प्लाय दिसतो.

घाई करू नका. निदान दोन दिवस सावलीत वाळू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, वाळल्यावर 220 नंबरचा पेपर हलक्या हाताने लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा.

कोरडं लाकूड पाहून रंग ठरवलात तर फसाल. ओल्या फडक्याचा एक हात मारा. पॉलिशनंतर साधारण तसंच दिसेल. उजळपणा टिकवायचा असेल तर वर चपडा किंवा तेलावर आधारलेलं पीयू नको, दोन्ही पिवळसर झाक देतात. पाण्यावर आधारलेला क्लिअर कोट मारा.