मोकळ्यावर वाढलेल्या कोंबडीचे अंडे कसे पारखावे आणि कसे शिजवावे

मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीचे अंडे अधिक पौष्टिक असते हे म्हणणे खरे आहे; मात्र ते कोणत्या बाबतीत खरे आहे हे आधी समजून घेतले, म्हणजे खरेदीत फसगत होत नाही. प्रथिनांच्या बाबतीत ते खरे नाही, कारण कोंबडी पिंजऱ्यात राहो वा कुरणावर, मोठ्या आकाराच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. कोलेस्टेरॉलमध्येही फारसा फरक नसतो. फरक पडतो तो बलकातील स्निग्धांशात आणि त्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांत, आणि तो घडवतात दोन गोष्टी: ऊन आणि हिरवा चारा.

कोंबडीच्या उघड्या पायांवर आणि तुऱ्यावर ऊन पडले की तिच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यातील काही भाग बलकात उतरतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, बाहेर उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात हे जीवनसत्त्व आत कोंडलेल्या कोंबड्यांच्या तुलनेत तीन ते चार पट आढळले. चाऱ्याचे काम वेगळे आहे. कुरणावरची कोंबडी आळीपाळीने दोन्ही पायांनी माती उकरते, एक पाऊल मागे सरते, मान तिरकी करून खाली पाहते आणि मगच किडा, बी किंवा गवताचे कोवळे पाते टिपते. हिरव्या पानांतील ओमेगा-३ या हितकारक स्निग्ध आम्लांचा काही भाग तिच्या शरीरात लांब साखळीच्या ओमेगा-३ मध्ये बदलतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या २०१० मधील अभ्यासात कुरणावरच्या कोंबड्यांच्या अंड्यांत ई जीवनसत्त्व आणि लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या अंड्यांच्या दुप्पट भरली.

म्हणूनच पेटीवरच्या ‘मुक्तसंचार’ या शब्दावर थांबू नये. युरोपीय संघात अंड्यावरच्या शिक्क्यातील पहिला अंक पाळण्याची पद्धत सांगतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ मुक्तसंचार, २ बंदिस्त शेडमध्ये जमिनीवर आणि ३ पिंजऱ्यात. १ हा अंक मिळण्यासाठी दर कोंबडीमागे बाहेर किमान ४ चौरस मीटर जागा लागते. पण जागा असणे आणि कोंबडी तेथे जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कोंबडी मूळची रानपक्ष्याच्या वंशातली असल्यामुळे उघड्या माळावर ती बिचकते आणि झाडाझुडपांचा आडोसा नसेल तर दाराशीच घोटाळत राहते. शक्य असल्यास पाळणाऱ्याला विचारावे की कोंबड्या दिवसातून किती तास बाहेर असतात, जमीन हिरवी आहे की उकरून उघडी पडली आहे, आणि त्या जागी पूर्वी काय होते. हा शेवटचा प्रश्न लोक क्वचितच विचारतात, पण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कोंबडी टिपताना मातीही खाते आणि त्या मातीत जुन्या रंगांतले शिसे किंवा कचरा जाळल्यामुळे आलेली डायॉक्सिने ही विषारी रसायने असतील, तर तीही अंड्यात उतरतात.

घरी आणलेले अंडे पारखताना कवचाच्या रंगाला महत्त्व देऊ नये, कारण तो कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. बलकाचा गडद केशरी रंगही पुरावा ठरत नाही. खाद्यात झेंडूच्या फुलांचा अर्क मिसळला तर पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही तसाच दिसतो. अंडे बशीत फोडावे. ताज्या अंड्याचा बलक उंच राहतो आणि त्याच्याभोवती घट्ट पांढऱ्याचे कडे दिसते. शिळ्या अंड्याचे पांढरे पातळ होऊन बशीभर पसरते. न फोडता पाहायचे असेल तर अंडे पाण्यात सोडावे: ताजे तळाशी आडवे पडते, जुने टोकावर उभे राहते आणि फार जुने तरंगते. ही परीक्षा वय सांगते, जंतू नाही. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू काही वेळा कवच बनण्याआधीच अंड्यात शिरलेला असतो आणि मोकळ्यावर वाढलेली कोंबडीही त्याला अपवाद नाही.

अंडी न धुता, निमुळते टोक खाली करून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि शिजवूनच खावीत. कच्च्या अंड्यातील प्रथिनांपैकी जेमतेम निम्मी पचतात, तर शिजवलेल्यातील सुमारे ९० टक्के पचतात. शिवाय कच्च्या पांढऱ्यातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते; शिजवताना उष्णतेने ॲव्हिडिन निष्प्रभ होते. अंड्याचे पदार्थ आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापावेत. मात्र ४० मिनिटे ओव्हनमध्ये भाजल्यास ड जीवनसत्त्वाचा निम्म्याहून अधिक भाग नष्ट होतो, त्यामुळे ज्या गुणासाठी हे अंडे निवडले तो टिकवायचा असेल तर उकडणे किंवा मंद आचेवर झटपट परतणे बरे. आणि बलक काढून केवळ पांढरे खायचे असेल, तर हे अंडे मुद्दाम शोधण्यात अर्थ नाही.

मांसाबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. हळू वाढणाऱ्या, हिंडत्या कोंबडीचे मांस घट्ट असते आणि त्यात चरबी सहसा कमी असते. मोकळ्यावर वाढली म्हणजे तिला प्रतिजैविके दिलीच नसतील असे मात्र नाही; ते वेगळे विचारावे लागते. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. अशी कोंबडी झाकण ठेवून मंद आचेवर जास्त वेळ शिजवावी आणि तापमापी मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसून ७४ अंश सेल्सिअस भरल्याची खात्री करावी.