लायडारवरून डीटीएम करताय? या चुका टाळा, उसाच्या फडाची टेकडी करू नका

ड्रोनवरच्या लेझरनं (लायडार) रान मोजायचं आणि त्यावरून झाडं-घरं वगळून नुसत्या जमिनीच्या चढउताराचं मॉडेल म्हणजे डीटीएम बनवायचं, सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच सरफेस म्हणतात. महिन्याला एक तरी फाइल अशी येतेच आणि सोबत मेसेज असतो, "सर सरफेस नीट येईना, जरा बघता का, अर्जंट आहे." उघडायच्या आधीच मला अंदाज असतो आत काय निघणार, कारण चुका त्याच पाच-सहा, माणसं तेवढी बदलतात. ड्रोनवाल्यानं एलएएस फाइल (लेझरनं मोजलेल्या पॉइंटची) दिली, रीकॅपमधून सिव्हिल थ्रीडी या सॉफ्टवेअरमध्ये आणली, पॉइंट क्लाउडवरून (त्या सगळ्या पॉइंटच्या ढिगावरून) सरफेस बनवायचं बटण दाबलं, काँटूर (समान उंचीच्या रेषा) आले, रंगीत स्क्रीनशॉट क्लायंटला गेला. अर्ध्या तासात डीटीएम तयार! अरे बाबा, ते जे आलंय ते जमिनीचं आहे का झाडाझुडपाचं, एवढं तरी बघ की.

सगळ्यात मोठी चूक हीच, क्लास २ म्हणजे जमीन असं डोळे झाकून धरणं. एलएएसमध्ये प्रत्येक पॉइंटला प्रकाराचा नंबर म्हणजे क्लास असतो, २ नंबर ग्राउंडचा, ३ ते ५ झाडोरा, ६ बिल्डिंग, हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो २ नंबर दिला कुणी? बहुतेक वेळा सॉफ्टवेअरनं स्वतःच, डिफॉल्ट सेटिंगवर.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून सांगतो. मंगळवेढ्याच्या बाजूला सोलर प्लांटसाठी चाळीस एकराचं काम होतं. डिसेंबर महिना, बाकी सगळं रान मोकळं, फक्त एका कोपऱ्यात दोन एकर ऊस उभा, कारण कारखान्याची टोळी अजून तोडीला आली नव्हती. ड्रोनवाल्यानं उडवून डेटा दिला, क्लास २ वेगळा काढून दिला, मी सरफेस केला, लेव्हलिंगची क्वांटिटी (किती माती कापायची-भरायची) काढली आणि सही करून पाठवून दिली. चार दिवसांनी साइटवरून फोन, शेतकरी शेजारी उभा होता त्याचाच आवाज आला, "ओ सायेब, आमच्या रानात टेकाड कुठंय?"

झालं असं की दाट उसात लेझर खालपर्यंत गेलाच नव्हता. सगळ्यात खालचे रिटर्न (लेझर आदळून परत आलेले पॉइंट) होते ते पाल्यातले, जमिनीपासून सरासरी दीड मीटर वर, आणि जमीन वेगळी काढणाऱ्या फिल्टरला तेच सगळ्यात खालचं दिसलं म्हणून त्यानं त्यालाच जमीन ठरवलं. दोन एकर म्हणजे ८,१०० चौरस मीटर धरा, गुणिले दीड, झालं १२,००० घनमीटरच्या वर कटिंग. हायवा डंपरच्या आठशे खेपा, तेही नसलेल्या मातीच्या! प्रोफाइल (जमिनीचा उभा छेद) नंतर उघडून बघितला तर सपाट चाललेली रेघ बांधापाशी सरळ वर, फड संपला की सरळ खाली. चारी बाजूंनी काटकोनात कापलेली टेकडी कुणी बघितलीय का? मी प्रोफाइल आधी बघितलाच नव्हता, नुसते काँटूर बघितले, आणि दुरून ते छान दिसत होते.

तेव्हापासून माझी सवय एकच. क्लाउडमधून एक मीटर रुंदीचा आडवा काप घ्यायचा, क्लासनुसार रंग लावायचा आणि डोळ्यानं बघायचं. जिथं पिकाच्या खाली जमिनीची दुसरी ओळ दिसते तिथं फिल्टर सुधारता येतो. क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमध्ये सीएसएफ (उलट्या क्लाउडवर आभासी कापड टाकून जमीन शोधणारा फिल्टर) वापरत असाल तर कापडाचं रेझोल्यूशन २ आणि थ्रेशोल्ड (कापडापासून किती मीटरपर्यंतचा पॉइंट जमीन धरायचा) ०.५ हे डिफॉल्ट आहे, पण अर्धा मीटर थ्रेशोल्ड म्हणजे गुडघ्याएवढा हरभरा सुद्धा जमिनीत धरला जातो, सपाट रानात मी ०.१५-०.२ वर आणतो. पण जिथं खाली दुसरी ओळच नाही, तिथं कितीबी पॅरामीटर फिरवा, जमीन मिळणार नाही, कारण डेटातच नाही. तेवढा भाग बाउंड्री टाकून वगळायचा आणि जीपीएसची काठी घेऊन उसाच्या सरीत शिरायचं, पाल्यानं हात कापले तरी. नाहीतर तोड झाल्यावर, ज्वारी निघाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये उडवायचं. क्लायंटला घाई असते हे मान्य, पण उसाला नसते.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे पॉइंट कमी करायची घाई. आता चौरस मीटरला शंभर पॉइंट धरले तर चाळीस एकराला दीड कोटीच्या वर पॉइंट होतात, सिव्हिल थ्रीडी मान टाकतं, मग पोरं रँडम ५ टक्के ठेवतात आणि खूश. कंप्युटर पळायला लागतो हे खरं, पण ताली (शेताचे मातीचे बांध) गेल्या ना! आपल्याकडची ताल म्हणजे साठ-सत्तर सेंटीमीटर उंच, माथा हातभर. त्या माथ्यावर पॉइंट पडला तर पडला, नाही पडला तर सरफेसमध्ये तिथं खिंड. मग करवतीच्या दातासारखी ताल दिसते आणि ड्रेनेजवाला म्हणतो पाणी इकडून जातं. खरं म्हणजे तिथं पाणी अडतं, बांधलीच त्यासाठी आहे ती.

मी आधी ब्रेकलाइन काढतो, म्हणजे जिथं उतार एकदम बदलतो तिथल्या रेषा. तालीचा माथा, दोन्ही पायथे, ओढ्याचे दोन्ही काठ आणि तळ, रस्त्याच्या कडा. कंटाळवाणं काम आहे, ऑटोमॅटिक काढून देणारी टूल्स आहेत पण मला ती पटत नाहीत, निम्म्या रेषा परत सुधारायलाच लागतात. ब्रेकलाइन एकमेकींना क्रॉस झाल्या तर एरर येते, ती ओके ओके करत पुढं जाऊ नका, कुठली लेव्हल खरी ते तिथंच ठरवा. एवढं झाल्यावर मग सपाट रानात दोन मीटरच्या ग्रिडवर पॉइंट आणले तरी काही बिघडत नाही. शेवटी पाणी कुठून वाहील ते दाखवणाऱ्या वॉटर ड्रॉप कमांडनं दहा-बारा ठिकाणी थेंब सोडून बघा, थेंब ताल फोडून गेला की समजायचं तिथं ब्रेकलाइन काढायची राहिली.

आता बाकीच्या पटापट.

लेव्हल ३९० च्या आसपास येतेय आणि बेंचमार्क ४६० सांगतोय? डेटा खराब नाही, उंची एलिप्सॉइडची (पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली) आहे, समुद्रसपाटीची नाही. आपल्या सोलापूर भागात जिऑइड (साधारण समुद्रसपाटीची पातळी) एलिप्सॉइडच्या साधारण सत्तर मीटर खाली आहे. कॉर्सवरून (कायमच्या जीपीएस स्टेशनांवरून) घेतलेली उंची तशीच येते, ती बदलून घ्यायला लागते. सगळ्या पॉइंटना अंदाजे ७० मिळवून मोकळे होणारेही बघितलेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

सोलापूर यूटीएमच्या (नकाशाच्या मीटरमधल्या ग्रिडच्या) ४३ नंबर झोनमध्ये येतं. ४४ चा टेम्प्लेट कुठल्यातरी नागपूरच्या कामातून उचललेला असतो, तो बदला.

सरफेसला बारीक पायऱ्या किंवा पट्टे दिसतायत? क्लाउडकंपेअर फाइल उघडताना ग्लोबल शिफ्ट (मोठे आकडे वजा करून लहान करू का) विचारतं तेव्हा नो दाबलेलं असणार. आपला नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर, मीटरमध्ये) १९,५३,००० च्या घरात. एवढा मोठा आकडा ३२ बिटमध्ये ठेवला की दोन शेजारच्या किमतींत साडेबारा सेंटीमीटरचं अंतर पडतं, मधलं काही राहतच नाही. यस दाबा, आणि सेव्ह करताना शिफ्ट परत लागली का ते बघा.

टोटल स्टेशन या यंत्रानं जमिनीवर मोजलेलं अंतर आणि यूटीएमचं अंतर जुळत नाही म्हणून भांडू नका, इथं किलोमीटरमागे तीस-पस्तीस सेंटीमीटर फरक येणारच, नकाशाचं ग्रिड आणि प्रत्यक्ष ग्राउंड वेगळं असतं.

सरफेस म्हणजे पॉइंट जोडून केलेले त्रिकोण, ते शेततळ्यावर लांबलचक आलेत? साधा लेझर पाण्यात शोषला जातो, पॉइंटच नाहीत तिथं. काठाची ब्रेकलाइन द्या. बाहेरच्या कडेला आले असतील तर त्रिकोणाची कमाल लांबी ठरवा.

एकाच जागी काँटूरची गोल गोल वर्तुळं आणि मध्ये खोल खड्डा असेल तर लगेच नॉइज म्हणून उडवू नका. एकानं असाच खड्डा उडवला, ती बारा मीटर खोल विहीर होती, पाणीसुद्धा होतं.

डेटाची अचूकता दहा-पंधरा सेंटीमीटर आणि काँटूर दहा सेंटीमीटरचे? नको.

तपासणीसाठी मी ऑटो लेव्हलनं (दुर्बिणीच्या लेव्हल यंत्रानं) वीसेक पॉइंट स्वतः घेतो, निम्मे डांबरावर, निम्मे रानात. नुसत्या डांबरावर घेतले की एरर तीन सेंटीमीटर येते आणि सगळे खूश, रानात खरं कळतं. हे पॉइंट सरफेसमध्ये घालायचे नाहीत, फक्त ताडून बघायचे. एकानं ते घातले आणि मग एरर शून्य आली म्हणून पेढे द्यायचा बाकी होता.

आणि मला फाइल पाठवणार असाल तर मूळ एलएएस पाठवा, व्हॉट्सॅपवर काँटूरचा फोटो नको. सोबत एवढं लिहा, कुठल्या महिन्यात उडवलं आणि तेव्हा रानात काय उभं होतं.