भूगोलाची सुरुवात: व्याख्यांआधी नकाशा, वही आणि थोडे गणित

भूगोलाचे पुस्तक उघडले की व्याख्यांची रांग सुरू होते आणि बहुतेक विद्यार्थी त्या पाठ करायला लागतात. परीक्षेपुरते ते चालून जाते, पण विषय हाती लागत नाही. या विषयात मुळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा असतो: ही गोष्ट इथेच का आहे? प्राकृतिक भूगोल तो प्रश्न डोंगर, नदी आणि वाऱ्याबद्दल विचारतो, मानवी भूगोल वस्ती, व्यवसाय आणि स्थलांतराबद्दल. म्हणून प्रत्येक संकल्पना एकदा तरी आकृती काढून किंवा लहानसे गणित सोडवून समजून घ्यावी. त्यासाठी नकाशासंग्रह, आलेख कागद, पट्टी आणि जमल्यास पृथ्वीगोल एवढे साहित्य पुरेसे आहे.

पहिली पायरी स्थाननिश्चितीची. अक्षांश आणि अक्षवृत्त हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु अक्षांश हे पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेले कोनीय अंतर आहे आणि अक्षवृत्त म्हणजे समान अक्षांशांची ठिकाणे जोडणारे वर्तुळ. रेखांश आणि रेखावृत्ताचेही तसेच. ‘कोन’ हा शब्द ध्यानात राहिला की पुढचा भाग सोपा होतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परीघ मोजला तो या कोनाच्याच आधारे. उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशी, 21 जूनच्या सुमारास, इजिप्तमधील सायीन येथे, म्हणजे आजच्या आस्वानला, मध्यान्ही सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येई, तर त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात सूर्यकिरण उभ्या रेषेशी सुमारे 7.2 अंशांचा कोन करीत. 7.2 अंश म्हणजे 360 अंशांचा पन्नासावा भाग. दोन ठिकाणांमधील अंतर आजच्या मापाने ढोबळमानाने 800 किमी धरले, तर त्याच्या पन्नासपट म्हणजे 40,000 किमी परीघ मिळतो. हे गणित वहीत आकृतीसह स्वतः करून पाहावे. नंतर 40,000 ला 360 ने भागावे, म्हणजे एक अंश अक्षांशाचे अंतर सुमारे 111 किमी का असते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

रेखावृत्तांमधील अंतर मात्र ध्रुवांकडे कमी होत जाते: विषुववृत्तावर 111 किमी, 60 अंश अक्षवृत्तावर त्याच्या निम्मे आणि ध्रुवावर शून्य. रेखांशाचा खरा उपयोग वेळेसाठी होतो. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश आणि एका अंशाला 4 मिनिटे. 1884 साली वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रीनिचमधून जाणारे रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारले गेले. ते तिथेच असावे असे निसर्गात काहीही लिहिलेले नव्हते, तो माणसांचा ठराव होता. चीनचा विस्तार 60 अंश रेखांशांहून अधिक असूनही तो देश एकच प्रमाणवेळ पाळतो, त्यामुळे त्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ बसत नाही. प्राकृतिक आणि मानवी भूगोल एकमेकांत कसे मिसळतात, याचे इतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

ऋतूंबाबत एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकावा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे 14.7 कोटी किमी अंतरावर, आणि सर्वांत दूर जुलैमध्ये, सुमारे 15.2 कोटी किमीवर. तरीही उत्तर गोलार्धातील उन्हाळा जून-जुलैमध्येच येतो, कारण ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या आसाच्या सुमारे 23.5 अंशांच्या कलण्यामुळे.

आता नकाशाकडे वळावे आणि सर्वप्रथम नकाशाप्रमाण वाचावे. 1:50,000 म्हणजे नकाशावरील 1 सेमी बरोबर जमिनीवरील 500 मीटर. जगाच्या नकाशाच्या बाबतीत प्रक्षेपणही, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धतही, तपासावी. 1569 च्या मर्केटर प्रक्षेपणावर ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीचे दिसते, पण प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट आहे. नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो, हे यातून उमगते.

समोच्च रेषांवर मात्र एक पूर्ण संध्याकाळ खर्च करावी. समुद्रसपाटीपासून समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र, दूरदूर असतील तर मंद, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यापुढे जाऊन नकाशावर दोन बिंदू निवडावेत, त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कागदाच्या पट्टीची कड ठेवावी आणि जिथे जिथे समोच्च रेषा कडेला छेदते तिथे खूण करून शेजारी उंची लिहावी. मग ती पट्टी आलेख कागदाच्या तळाशी ठेवून प्रत्येक खुणेच्या वर त्या उंचीचा बिंदू द्यावा व बिंदू हाताने जोडावेत. डोंगराचा छेद समोर उभा राहतो. उभे प्रमाण आडव्यापेक्षा मोठे घेतले असेल तर टेकडीसुद्धा सुळक्यासारखी दिसते, म्हणून दोन्ही प्रमाणे छेदाखाली लिहावीत. उतार आकड्यातही काढता येतो: 1:50,000 च्या नकाशावर 20 मीटर अंतराल (लगतच्या रेषांमधील उंचीचा फरक) असलेल्या दोन रेषांमध्ये 4 मिमी जागा असेल, तर जमिनीवरचे आडवे अंतर 200 मीटर भरते, म्हणजे उतार दहास एक. दरी ओळखताना रेषांचे टोक पाहावे. दरीत ते उंच भागाकडे, नदीच्या उगमाच्या दिशेने वळलेले असते आणि डोंगरसोंडेवर याच्या उलट.

भूरूपांची यादी इथे देत नाही. अंतर्गत हालचालींमुळे भूकवच उंचावते किंवा खचते आणि विदारण (खडक फुटणे), क्षरण (झीज), वहन (वाहून नेणे) व संचयन (साचणे) या बाह्य प्रक्रिया त्याला झिजवून सखल भागात भर घालतात, एवढे सूत्र धरले की व्ही आकाराची दरी नदीच्या वरच्या टप्प्यात आणि त्रिभुज प्रदेश मुखाशी का, हे आपोआप कळते.

हवा आणि हवामान यांतील फरक सांगताना मराठीत थोडी पंचाईत होते. ठरावीक वेळी एखाद्या ठिकाणी असलेली वातावरणाची स्थिती ही हवा, आणि दीर्घकाळाची, साधारणपणे 30 वर्षांची, सरासरी स्थिती हे हवामान; पण उद्याच्या पावसाबद्दलच्या बातमीलाही आपण ‘हवामानाचा अंदाज’च म्हणतो. बोलताना ते चालेल, उत्तरपत्रिकेत चालणार नाही.

पर्जन्यछाया, म्हणजे पर्वताच्या पलीकडचा कमी पावसाचा प्रदेश, समजण्यासाठी पुढील गणित करावे. किनाऱ्यावरची 30 अंश सेल्सिअस तापमानाची बाष्पयुक्त हवा 2,000 मीटर उंच पर्वत चढू लागली, असे धरू. सांद्रीभवन, म्हणजे बाष्पाचे जलकणांत रूपांतर, होईपर्यंत ती दर 100 मीटरला सुमारे 1 अंशाने थंड होते. ढग 1,000 मीटरवर तयार झाले तर तेथे तापमान 20 अंश असेल. त्यापुढे सांद्रीभवनात उष्णता मुक्त होत असल्याने थंड होण्याचा वेग मंदावतो. तो 100 मीटरला अर्धा अंश धरला तर माथ्यावर 15 अंश उरतात. वाताभिमुख, म्हणजे वाऱ्याकडच्या, बाजूवर पाऊस पाडून मोकळी झालेली ही हवा पलीकडे उतरताना पुन्हा 100 मीटरला 1 अंशाने तापते आणि पायथ्याशी 35 अंशांवर पोहोचते. निघाली त्याहून 5 अंश अधिक उष्ण आणि कितीतरी कोरडी! दक्षिण चिलीची ओली जंगले आणि अँडीज ओलांडताच लागणारे अर्जेंटिनातील पॅटागोनियाचे कोरडे पठार यांच्यामागे हेच कारण आहे.

मानवी भूगोलात पाऊल ठेवताना लोकसंख्येच्या घनतेपासून सुरुवात करावी, पण सरासरीला भुलू नये. इजिप्तचे क्षेत्रफळ सुमारे 10 लाख चौ.किमी आणि लोकसंख्या 10 कोटींहून अधिक. 10 कोटीच धरली तरी घनता दर चौ.किमीला 100 येते, म्हणजे फार दाट वस्ती वाटत नाही. आता ढोबळमानाने 95 टक्के लोक नाईलचे खोरे आणि त्रिभुज प्रदेश मिळून होणाऱ्या 5 टक्के भूमीवर राहतात, हे लक्षात घेऊन भागाकार पुन्हा करावा. खोऱ्यात 1,900 आणि उरलेल्या वाळवंटात जेमतेम 5! शंभर हा आकडा दोन्हींपैकी कशाशीच जुळत नाही. म्हणूनच घनतेबरोबर वितरणाचा नकाशा पाहायचा असतो. जन्मदर, मृत्यूदर आणि स्थलांतर हे पुढचे घटक. त्यांत 70 ला वार्षिक वाढीच्या टक्क्यांनी भागले की लोकसंख्या दुप्पट व्हायला लागणारी अंदाजे वर्षे मिळतात, एवढी युक्ती जवळ ठेवावी. दोन टक्के वाढ असेल तर 35 वर्षे.

शेवटी एकाच प्रदेशाचे दोन नकाशे, एक प्राकृतिक रचनेचा आणि एक लोकसंख्येचा, शेजारी ठेवून कोणती रेषा दोन्हींत दिसते ते शोधावे. इजिप्तच्या बाबतीत ती रेषा नाईलची असते. तिच्या पुराबरोबर येणाऱ्या गाळानेच खोरे सुपीक झाले, शेती टिकली आणि वस्ती दाटली. पुढे 1970 मध्ये आस्वानचे उंच धरण पूर्ण झाले. पूर आटोक्यात आला, वीज मिळाली, परंतु गाळ जलाशयातच अडू लागला आणि मुखाशी भर पडेनाशी झाल्याने त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्राच्या लाटांनी झिजू लागला. ही घडामोड बाणांच्या आकृतीत मांडावी आणि प्रत्येक बाणावर तो निसर्गाचा की माणसाचा, हे लिहायचा प्रयत्न करावा. दोन-तीन बाणांवर दोन्ही शब्द लिहावे लागतील.