कॉन्फिगरेशन कोडबाहेर काढल्यानंतरचे काम

मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे अनेक छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेसच्या, प्रकल्पात नव्याने येणाऱ्यांना कॉन्फिगरेशन कोडबाहेर ठेवावे हा नियम लवकरच सांगितला जातो. एकच बिल्ड (कोडपासून तयार केलेले पॅकेज) टेस्टिंगपासून प्रॉडक्शनपर्यंत जसाच्या तसा जावा आणि डेटाबेसचा पत्ता, टाइमआउट, पासवर्ड एवढ्याच गोष्टी वातावरणानुसार बदलाव्यात, हा त्यामागचा हेतू असतो. ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप या ॲप्लिकेशन-बांधणीच्या बारा तत्त्वांत यासाठी एक नेमकी कसोटी आहे: एकही पासवर्ड उघड न होता सगळा कोड याच क्षणी ओपन सोर्स करता येईल का? ती कसोटी मी प्रत्येक नव्या रिपॉझिटरीला लावतो. मात्र चालू असलेल्या सर्व्हिसमध्ये आत्ता कोणती व्हॅल्यू लागू आहे आणि ती कुठून आली, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझा अधिक वेळ गेला आहे.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये कमांड लाइनवरची व्हॅल्यू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर (प्रोग्रामला बाहेरच्या वातावरणातून मिळणाऱ्या व्हॅल्यूवर) मात करते आणि व्हेरिएबल प्रॉपर्टीज फाइलवर. त्यात गिट रिपॉझिटरीतून सर्व सर्व्हिसेसना व्हॅल्यू देणारा कॉन्फिग सर्व्हर आला की क्रम पुन्हा तपासावा लागतो. ॲप्लिकेशन सुरू होण्याआधीच सर्व्हरशी जोडणाऱ्या जुन्या बूटस्ट्रॅप पद्धतीत सर्व्हरची व्हॅल्यू मूलतः स्थानिक व्हॅल्यूला झाकते, तर स्प्रिंग बूट 2.4 पासूनच्या, सेटिंगमध्येच सर्व्हर इम्पोर्ट करण्याच्या पद्धतीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वरचढ ठरते. जुन्या सर्व्हिसेस अद्ययावत करताना हा फरक हमखास नजरेतून सुटतो, कारण ॲप्लिकेशन विनातक्रार सुरू होते.

दुसरा प्रश्न बदल केव्हा लागू होतो याचा. गिटमध्ये कमिट केले म्हणून चालू सर्व्हिस बदलत नाही. सर्व्हिसच्या रिफ्रेश एंडपॉइंटला (सेटिंग पुन्हा वाचायला लावणाऱ्या पत्त्याला) विनंती पाठवावी लागते, किंवा अनेक इन्स्टन्स (चालू प्रती) असतील तर स्प्रिंग क्लाउड बस या संदेशवहन यंत्रणेमार्फत ती सर्वांपर्यंत पोहोचवावी लागते. तरीही हिकारी या लायब्ररीचा कनेक्शन पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) मूळ सेटिंगनुसार रिफ्रेश होत नाही, त्यामुळे पूलचा आकार बदलल्यावर सर्व्हिस पुन्हा सुरू करणेच बरे. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये व्हॉल्यूम (फोल्डर) म्हणून जोडलेला कॉन्फिगमॅप, म्हणजे सेटिंगचा संच, थोड्या विलंबाने अद्ययावत होतो, पण सबपाथने (त्यातली एकच फाइल वा उपफोल्डर म्हणून) जोडलेला होत नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिलेल्या व्हॅल्यूसाठी पॉड (कंटेनर चालवणारे एकक) नवा करावा लागतो. खरे तर बहुतेक सेटिंगसाठी मला रोलिंग रीस्टार्टच (इन्स्टन्स एकामागून एक पुन्हा सुरू करणे) अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात सर्व इन्स्टन्स एकाच व्हॅल्यूवर आल्याची खात्री करता येते.

पासवर्डसारख्या गोष्टींसाठीच्या कुबरनेटीस सीक्रेटमधील व्हॅल्यू बेस64 मध्ये दिसते; ते कोणालाही उलटवता येणारे रूपांतर आहे, एन्क्रिप्शन नव्हे. म्हणून ती व्हॅल्यू कोणाला पाहता येते हे आधी ठरवावे.

नव्या सर्व्हिसमध्ये आवश्यक व्हॅल्यूंची तपासणी सुरुवातीलाच होईल असे पाहावे. टाइमआउट रिकामा किंवा ऋण असेल, तर सर्व्हिसने सुरू होण्यास स्पष्ट नकार द्यावा आणि त्रुटीच्या संदेशात प्रॉपर्टीचे नाव असावे. व्हॅल्यूचा उगम शोधायचा झाल्यास ॲक्चुएटर या स्प्रिंग बूटच्या देखरेख-साधनाचा एन्व्ह एंडपॉइंट उपयोगी पडतो. स्प्रिंग बूट 3 मध्ये तो व्हॅल्यू मुळातच झाकून दाखवतो, पण ती कोणत्या स्रोतातून आली हे सांगतो, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते.