पुण्यात बसून साताऱ्यातल्या कॉम्प्युटरकडून कामं करून घ्यायची असतील तर

आधी हे सगळं का करावं लागलं ते सांगते. घरचा डेस्कटॉप साताऱ्यात, मी पुण्यात, आणि दर दोन दिवसांनी कुठलीतरी फाइल नेमकी त्याच्यावरच राहिलेली असायची. मग अप्पांना व्हॉट्सअ‍ॅप कॉल. "अप्पा, कॉम्प्युटर चालू करा ना जरा." "कुठलं बटण गं?" "टेबलाखाली डबा आहे बघा, त्याच्यावरचं." "हां, दाबलं." आणि कॉल कट. राउटरचा स्विच दाबला होता. असं तीनदा झाल्यावर मी एका शनिवारी साताऱ्याला जाऊन बसले आणि कायमचा बंदोबस्त केला. शनिवारचे दोन शनिवार झाले ती गोष्ट वेगळी.

फोनवर घरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, मला माहितीये, आणि अडीनडीला ती चालतात, पण सहा इंची स्क्रीनवर विंडोजचा तो एवढासा क्रॉस दाबायला जावं तर भलतीच खिडकी बंद होते. म्हणून माझी पद्धत अशी की कामं आधीच कॉम्प्युटरवर लिहून, प्रत्येकाला नाव देऊन ठेवायची, आणि फोनवरून फक्त नाव पुकारायचं. फोनला काम कसं होतं ते माहीतच नसतं. फोन बदलला तरी काही बिघडत नाही.

आधी कामं लिहून ठेवा

विंडोजमधे टास्क शेड्युलर, म्हणजे ठरवून दिलेली कामं चालवणारा प्रोग्रॅम, असतो, तो बहुतेकांनी कधी उघडलेला नसतो. त्यात नवीन टास्क बनवायचा, वेळबिळ काही द्यायची नाही, ट्रिगरचा टॅब रिकामा सोडायचा. अ‍ॅक्शनमधे आपली बॅच फाइल, म्हणजे एकामागून एक चालवायच्या कमांड लिहिलेली साधी फाइल, द्यायची. टास्कचं नाव इंग्रजीत, छोटं, मधे स्पेस न ठेवता द्या, कारण ते पुढे कमांडमधे टाकायचंय.

माझे टास्क तीनच आहेत. एक बॅकअपचा, रोबोकॉपी या विंडोजमधल्याच कॉपीच्या कमांडने फोटोंचं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवतो. एक हायबरनेटचा, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून मशीन बंद करायचा. आणि तिसरा माझा लाडका, छपाईचा. गूगल ड्राइव्हमधे एक फोल्डर ठेवलंय, मी पुण्यातून त्यात पीडीएफ टाकते, सातबारा असेल, लाइटबिल असेल, आईच्या भिशीचा तक्ता असेल, आणि टास्क चालवला की सुमात्रा पीडीएफ नावाचा हलकाफुलका रीडर त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली डिफॉल्ट प्रिंटरवर छापतो, मग बॅच फाइल त्या उचलून 'झालं' नावाच्या फोल्डरमधे टाकते. हे उचलून टाकणं विसरू नका. मी पहिल्यांदा विसरले होते आणि भिशीच्या तक्त्याच्या घरात सात प्रती झाल्या. कॉम्प्युटरवरचं गूगल ड्राइव्हचं अ‍ॅप मात्र मिरर मोडवर ठेवा, म्हणजे फाइली खरोखर डिस्कवर असतात.

टास्क बनवताना एक पर्याय विचारतो, युजर लॉगइन असतानाच चालवायचं की नसला तरी. ज्या कामात एखादी खिडकी उघडते किंवा प्रिंटर लागतो त्याला पहिला पर्याय द्या. याचं कारण पुढे येईलच.

बाहेरून घरात पोचायचं कसं

घरातल्या घरात, एकाच वायफायवर असाल तर केडीई कनेक्ट हे फोन आणि कॉम्प्युटर जोडणारं अ‍ॅप टाका आणि हे सगळं वाचू नका. त्याच्यात 'रन कमांड' म्हणून प्लगइन आहे, कॉम्प्युटरवर कमांडची यादी भरायची, फोनवर ती यादी दिसते, बोट लावलं की चालते. सोफ्यावरून कॉम्प्युटर बंद करायला एवढं बास.

बाहेरून यायचं म्हटलं की जुने लोक सांगतात राउटरमधे पोर्ट फॉरवर्ड कर, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट कॉम्प्युटरपर्यंत नेणारं दार उघड. मी अर्धा दिवस तेच करत होते. राउटरमधे सगळं बरोबर, तरी बाहेरून काही लागेना. शेवटी राउटरच्या स्टेटस पानावर बघितलं तर वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता १०० पॉइंट ७२ ने सुरू होत होता. इथेच सगळा घोळ. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला तर समजायचं की तुमच्या ब्रॉडबँडवाल्याने एकाच खऱ्या पत्त्यामागे बरीच घरं बसवलीयत, याला सीजीनॅट म्हणतात, आणि हा पट्टा २०१२ साली मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवला गेलाय. अशा वेळी तुमच्या राउटरमधे कितीही पोर्ट उघडा, वरच्या दारातच सगळं अडतं. आणि सीजीनॅट नसेल तरी रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे विंडोजची स्क्रीन दुसरीकडून चालवायच्या सोयीचं, ३३८९ पोर्ट उघडं टाकू नका, दिवसरात्र तिथे कोणीतरी पासवर्ड लावून बघत बसलेलं असतं.

यावर मला झेपलेला उपाय म्हणजे टेलस्केल. वायरगार्ड या व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या खाजगी बोगद्याच्या, तंत्रावर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे, कॉम्प्युटरवर टाका, फोनवर टाका, दोन्हीकडे एकाच अकाउंटने लॉगइन करा, की दोघं जगात कुठेही असले तरी एकाच घरात असल्यासारखे बोलतात. दोन्हीकडून कनेक्शन आतून बाहेर जातं, त्यामुळे सीजीनॅटची कटकटच राहत नाही. गंमत म्हणजे टेलस्केल जे पत्ते देतं तेसुद्धा १०० ने सुरू होणाऱ्या त्याच पट्ट्यातले असतात, गोंधळून जाऊ नका.

टेलस्केलमधे दोन गोष्टी त्याच दिवशी करून टाका. विंडोजवर त्याच्या मेन्यूत 'रन अनअटेंडेड' ला टिक करा, नाहीतर कोणी लॉगइन करेपर्यंत ते जोडलंच जात नाही. आणि वेबसाइटवरच्या यादीत घरच्या मशीनपुढे 'की एक्स्पायरी', म्हणजे लॉगइनची मुदत, बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते, म्हणजे सहा महिने सगळं लोण्यासारखं चालणार आणि मग एक दिवस ऐन गरजेला मशीन गायब.

फोनवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, आणि टेलस्केल हा फोनच्या दृष्टीने व्हीपीएनच. ऑफिसचा व्हीपीएन चालू केला की हा बंद. मी दर सोमवारी हे नव्याने शिकते.

नाव पुकारायची सोय

आता फोनने टास्कचं नाव सांगायचं कसं, तर एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनमधे शिरून कमांड चालवायची सुरक्षित सोय. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ओपनएसएसएच सर्व्हर विंडोजबरोबरच मिळतो, फक्त सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधे जाऊन तो इन्स्टॉल करायचा आणि मग सर्व्हिसेसमधे जाऊन त्याला ऑटोमॅटिक करायचं.

इथे दोन ठिकाणी माणूस हमखास आपटतो. पहिलं म्हणजे चार आकडी पिन इथे चालत नाही, मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर त्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, आणि युजरनेमही तुम्हाला वाटतं ते नसतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'हू अ‍ॅम आय' हे तिन्ही शब्द जोडून टाइप करा, जे येईल त्यातला स्लॅशनंतरचा भाग तुमचं नाव.

दुसरं म्हणजे किल्ली. पासवर्ड रोज टाकायचा नसेल तर फोनवर एसएसएचची किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी दोन फाइलींची जोडी, बनवून तिचा पब्लिक भाग कॉम्प्युटरवर ठेवायचा असतो. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की तो युजरच्या फोल्डरमधे ठेवा. पण तुमचा युजर अ‍ॅडमिन असेल, आणि घरच्या कॉम्प्युटरवर तो असतोच, तर विंडोज तिकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला ती किल्ली सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅमडेटामधल्या एसएसएच फोल्डरात, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ऑथोराइज्ड कीज, मधे अंडरस्कोर देऊन, अशा नावाच्या फाइलीत लागते, त्या फाइलीला एक्स्टेन्शन नको, आणि तिची परवानगी फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम या दोघांनाच हवी. तिसऱ्या कोणाचं नाव राहिलं तर किल्ली गुपचूप नाकारली जाते, का ते सांगतही नाही. माझा पहिला शनिवार इथे गेला.

एकदा आत शिरता आलं की टास्क चालवायची कमांड अशी: एससीएच आणि त्याला चिकटून टास्क्स, स्पेस, स्लॅश रन, स्पेस, स्लॅश टीएन, स्पेस, टास्कचं नाव. टाइप अर्थातच इंग्रजीत.

कोणी म्हणेल टास्क कशाला, एसएसएचमधून सरळ प्रोग्रॅमच चालव की. करून बघा. एसएसएचने चालवलेला प्रोग्रॅम तुमच्या डेस्कटॉपवर उघडतच नाही, तो मागे वेगळ्याच सेशनमधे चालतो, खिडकी कुणालाच दिसत नाही. टास्क शेड्युलर मात्र त्याला लॉगइन असलेल्या माणसाच्या सेशनमधे नेऊन चालवतो, स्क्रीन लॉक असली तरी. म्हणून वर तो पहिला पर्याय द्यायला सांगितला.

फोनवर बटण करायचं तर आयफोनवाल्यांची चैन आहे, शॉर्टकट्स अ‍ॅपमधे 'रन स्क्रिप्ट ओव्हर एसएसएच' तयार मिळतं, ते होमस्क्रीनवर टाकलं की झालं. अँड्रॉइडवर टर्मक्स हे कमांड टाइप करायचं अ‍ॅप आणि त्याचं विजेट घ्या, दोन्ही एफ-ड्रॉइड या अ‍ॅप स्टोअरवरून, टर्मक्समधे डॉट शॉर्टकट्स नावाचं फोल्डर करून त्यात प्रत्येक कामाची एकेक ओळीची स्क्रिप्ट ठेवा, विजेटमधे ती नावं यादीसारखी दिसतात. माझ्या विजेटमधे वरून खाली 'उठ', 'छाप', 'बॅकअप', 'झोप' असं लिहिलंय.

झोपलेल्याला उठवणं

हा 'उठ' सगळ्यात त्रासाचा. बंद मशीनवर टेलस्केलही बंद, मग हाक कोणाला मारणार. याला वेक ऑन लॅन म्हणतात. मशीन झोपलेलं असलं तरी नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत असते आणि ते एका ठराविक पॅकेटची वाट बघत असतं, त्याला मॅजिक पॅकेट असं झकास नाव आहे. त्यात असतं काय, तर आधी सहा वेळा एफएफ, आणि मग त्या कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख नंबर, लागोपाठ सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. सोळा वेळा नाव घेऊन हाका मारल्यावर कोणीही उठेल.

बायोसमधे, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमधे, जाऊन वेक ऑन लॅन चालू करा, काही बोर्डांवर ते 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई' या नावाने लपलेलं असतं, आणि ईआरपी नावाचं वीज वाचवणारं सेटिंग असेल तर ते बंद करा. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप बंद. डिव्हाइस मॅनेजरमधे नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधे कॉम्प्युटरला उठवायची परवानगी द्या आणि फक्त मॅजिक पॅकेटनेच उठव याला पण टिक करा, नाहीतर रात्री दोनला कॉम्प्युटर आपणहून उठून बसतो आणि आई घाबरते. आणि लॅनची वायर लावा, वायफायवर याचा भरवसा नाही.

सगळं झालं की कॉम्प्युटर झोपवून डब्याच्या मागे वाकून बघा. जिथे लॅनची वायर घुसते तिथला बारका दिवा लागलेला असेल तर कार्ड जागं आहे. दिवा विझलेला असेल तर परत बायोसमधे जा, पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

आता पॅकेट पाठवणार कोण? टेलस्केलवरून ते पाठवता येत नाही, कारण हे पॅकेट घरातल्या नेटवर्कवर सगळ्यांना ओरडून सांगायचं असतं आणि तसं ओरडणं टेलस्केल पुढे नेत नाही. म्हणून घरात कायम जागा असलेला एक छोटा नोकर हवा. मी आधी जुना अँड्रॉइड फोन टर्मक्स टाकून राउटरशेजारी चार्जरला लावून ठेवला. चालला चांगला, पण चार महिन्यांत त्याची बॅटरी पुरणपोळीसारखी फुगली, मग घाबरून काढला आणि रास्पबेरी पाय नावाचा बारकासा कॉम्प्युटर आणला. त्याच्यावर टेलस्केल आणि वेकऑनलॅन नावाचं पॅकेज टाकलं, की 'उठ' दाबल्यावर माझा फोन पायमधे शिरतो आणि पाय पॅकेट सोडतो.

उठला म्हणून नाचू नका, दोन मिनिटांत परत झोपेल. खरंच. माउस-कीबोर्डला कोणी हात न लावता मशीन उठलं तर विंडोज त्याला दोनच मिनिटं जागं ठेवतो, 'सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' असं ते सेटिंग आहे आणि मुळात लपवलेलं असतं. पॉवरसीएफजी कमांडने ते उघडं केलं की अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमधे स्लीपच्या खाली दिसतं, मी तीस मिनिटं केलंय. हे कळेपर्यंत मी राउटर, वायर, अप्पा अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

कॉम्प्युटर पूर्ण बंद करण्यापेक्षा झोपवा किंवा हायबरनेट करा, म्हणजे उठल्यावर तुमचं लॉगइन तसंच असतं आणि छपाईसारखे टास्क चालतात. पूर्ण बंद करून उठवलात तर तो लॉगइनच्या स्क्रीनवर येऊन थांबतो आणि प्रिंट काही निघत नाही.

लाइट गेली तर? काही बोर्डांवर वीज जाऊन आली की एकदा हाताने चालू केल्याशिवाय वेक ऑन लॅन चालत नाही. बायोसमधे वीज परत आल्यावर काय करायचं ते सेटिंग असतं, ते पॉवर ऑनवर ठेवलं की लाइट आली की मशीन आपोआप सुरू होतं, मग थोड्या वेळाने परत झोपतं. पाय आणि राउटर मात्र इन्व्हर्टरवर घ्या.

आणि फोन हरवला तर घाबरून बसण्याआधी दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरवरून टेलस्केलच्या यादीतून तो फोन काढून टाका, नंतर सवडीने त्याची किल्ली कॉम्प्युटरवरून पुसा. काही डिलीट करणारा टास्क मात्र विजेटवर ठेवू नका, खिशात दाबला जातो. माझा 'छाप' बसमधे दोनदा दाबला गेलाय, फोल्डर रिकामं होतं म्हणून वाचले. तिसऱ्यांदा दाबला गेला तेव्हा रिकामं नव्हतं, आणि संध्याकाळी अप्पांचा फोन, "अगं, तुझा पगाराचा कागद आलाय इथे, फाइलला लावून ठेवू का?"