मूकपटातील अभिनेत्रीचे चरित्र कसे लिहावे

मूकपटात काम केलेल्या एखाद्या अभिनेत्रीवर लेख लिहायला घेतला, की पहिली अडचण अशी येते की तिचे काम पाहायलाच मिळत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले आणि त्यांतले पूर्ण किंवा तुटक स्वरूपात आज अगदी मोजके उरले आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, ती सहज पेट घेई आणि नीट न ठेवल्यास आपोआप कुजत जाई. पुण्यात जपून ठेवलेल्या नायट्रेटच्या रिळांनाही जानेवारी 2003 मध्ये आग लागली. त्यामुळे हे चरित्र बव्हंशी कागदावरूनच उभे करावे लागते, आणि सोलापुरात बसून त्याचा बराचसा भाग करता येतो.

सुरुवात नावापासून करावी, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात. पडद्यावरचे नाव आणि घरचे नाव वेगळे असणे हा त्या काळचा रिवाज होता. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 1920 सालच्या 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी काम केले, पण त्या अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. 'सुलोचना' या नावाने तर आजही घोटाळा होतो. मूकपटातील सुलोचना म्हणजे 1907 मध्ये पुण्यात जन्मलेल्या, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून चित्रपटात आलेल्या रूबी मायर्स. मराठी प्रेक्षकांच्या मनातल्या सुलोचनादीदी, म्हणजे सुलोचना लाटकर, त्यांच्याहून वीसएक वर्षांनी लहान, आणि त्या आल्या तेव्हा बोलपट चांगला रुळला होता. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर जन्मनाव, माहेरचे व सासरचे आडनाव, पडद्यावरचे नाव आणि सापडतील ती सर्व स्पेलिंगे लिहून काढावीत. शहरांच्या नावांचेही तसेच करावे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत आपले शहर 'शोलापूर' म्हणून येते, आणि आजच्या स्पेलिंगने शोधल्यास हाती काही लागत नाही.

नंतर तारखांची चौकट आखावी. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, आणि त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. 14 मार्च 1931 रोजी पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' आला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत मूकपट संपला. आपली अभिनेत्री या वीसएक वर्षांत नेमकी कुठे बसते, हे आधी ठरवावे. जुन्या मराठी कागदांवर शकाचे वर्ष असते. त्यात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या मजकुराला 79 मिळवावे लागतात. एवढ्या एका चुकीने मुलीचे वय वर्षभराने बदलते, आणि तेरा वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली हे सांगताना एक वर्षही लहान नसते.

कागद शोधायला आधी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शहरातल्या जुन्या ग्रंथालयांत जावे आणि त्या काळची वर्तमानपत्रे व मासिके कोणती आहेत, ते विचारावे. लेखांपेक्षा जाहिराती आधी पाहाव्यात. जाहिरातीत चित्रपटाचे नाव, कंपनी, खेळाची वेळ आणि पुष्कळदा नटीचे नाव असते; मुंबईत लागलेला चित्रपट आपल्याकडे किती दिवसांनी आला, तेही तिथेच कळते. मे आणि जून 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता, तेव्हा त्या आठवड्यांतले अंक किंवा जाहिराती सापडल्या नाहीत तर त्यावरून चित्रपट चालला नाही असा निष्कर्ष काढू नये. संक्रांतीच्या आसपासचे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतले अंक मात्र सावकाश चाळावेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरात मूकपटाला एक सोय होती: नटीची भाषा कोणती, हा प्रश्नच पडत नसे, आणि पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचता येणारा शेजाऱ्याला अर्थ सांगू शके. आपल्या लेखात या प्रेक्षकाला जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण तिची कीर्ती त्याच्यामुळेच मुंबईबाहेर पोचली.

जाहिरातीत लांबी फुटांत दिलेली असते. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चित्रे असतात. सेकंदाला 16 चित्रांची गती धरली, तर एक फूट म्हणजे एक सेकंद. 'राजा हरिश्चंद्र' 3,700 फुटांचा होता, म्हणजे या हिशेबाने तासाभराहून थोडा अधिक. गती हाताने फिरवण्यावर अवलंबून असल्याने हा आकडा अंदाज म्हणूनच लिहावा.

पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाणे अटळच असते. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येते, पण आधी पत्र पाठवून काय पाहायचे आहे त्याची यादी कळवावी. यादीशिवाय गेल्यास दिवस फुकट जातो.

कारकीर्द लिहिताना चित्रपटांची नुसती रांग लावू नये. सुलोचनांनी 'अनारकली' 1928 मध्ये मूकपटात आणि 1935 मध्ये बोलपटात साकारली, आणि 1953 च्या 'अनारकली'त त्या सलीमच्या आईच्या भूमिकेत दिसल्या. या तीन नोंदी शेजारी ठेवल्या, की बोलपटाने आणि वयाने एका नटीचे काय केले ते वेगळे समजवावे लागत नाही. मध्ये त्यांना हिंदुस्थानी शिकून घ्यावी लागली, हेही तिथेच सांगावे. त्यांचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता असे नेहमी छापले जाते; कंपनीचा हिशेब हाती नसेल तर ते 'असे म्हटले जाई' याच शब्दांत लिहावे.

आठवणींच्या बाबतीत कमलाबाई गोखले, म्हणजे 'मोहिनी भस्मासुर'मधली कमला, यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. रीना मोहन यांच्या माहितीपटात त्या स्वतः बोलतात; चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू, त्यामुळे घराण्याचा धागाही तुटलेला नाही. अशा कथनातून चित्रीकरणाचे वातावरण आणि नाटक कंपनीतली गरिबी घ्यावी, पण साल आणि चित्रपटाचे नाव छापील कागदाशी ताडून पाहावे. नाटकातल्या कामाला निदान मूकपटाइतकी पाने द्यावीत, कारण कमलाबाईंचा संसार रंगभूमीने चालवला आणि पतीच्या निधनानंतर मुले त्यांनी त्याच मिळकतीवर वाढवली. दादासाहेब फाळके यांनी 1917-18 मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेले लेखही वाचावेत, पण ती निर्मात्याची बाजू आहे हे विसरू नये. या बायकांबद्दल पुरुषांनी लिहिलेले भरपूर मिळते. त्यांनी स्वतः सांगितलेले एखादे वाक्य मिळाले, तर ते जसेच्या तसे, कुठे आणि केव्हा सांगितले त्यासह उतरवावे.

लेख पूर्ण झाल्यावर प्रत्येक छायाचित्राखाली ते कोणत्या अंकातून घेतले ते लिहावे, आणि ओळख पक्की नसेल तर ते छायाचित्र वापरू नये.