चोर्ल्याला हात गारठतात? आधी छाती झाका

गोव्यात कसली आलीय थंडी म्हणून हसणाऱ्यांनी एकदा डिसेंबरात पहाटे साखळीहून बेळगावला बाईक काढून बघा, केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं की धुकं सुरू, आणि कणकुंबी येईपर्यंत क्लच कुठला नि बोटं कुठली तेच कळेनासं होतं. पहिल्या वर्षी वळणावर समोर म्हैस आली, ब्रेकवर बोटं होती पण दाबलीच जाईनात, कसाबसा वाचलो.

तर सुरुवात छातीपासून. अंग गार पडलं की शरीर आतलं पोट-छाती गरम ठेवायला बघतं आणि बोटांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, मग ग्लोव्ज कितीही महागाचे असू देत, आत गरम रक्तच येत नाही तर ते गरम काय ठेवणार? जॅकेटची चेन गळ्यापर्यंत, मानेला मफलर, आणि काहीच नसेल तर जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन-तीन पानं घाला. हसू नका, मस्त वारा अडतो.

कारण खरा वैरी वाराच. हवा १० डिग्री असेल आणि तुम्ही ६० च्या स्पीडने जात असाल तर उघड्या कातडीला ती साधारण ५ डिग्रीसारखी लागते. म्हणून नुसते लोकरीचे ग्लोव्ज फुकट, वारा आरपार जातो, त्यावर वारा न शिरणारा थर पाहिजेच. माझा जुगाड म्हणजे आत डॉक्टर वापरतात ते पातळ नायट्राइलचे ग्लोव्ज, तासाभराने घाम येतो पण घाट पार होतो. वरचे ग्लोव्ज एक साइज मोठे घ्या हां, घट्ट बसले की रक्त अडतं आणि आधीपेक्षा जास्त बधिर होतं. मनगटाशी बाही आणि ग्लोव्जमध्ये फट ठेवू नका.

हँडगार्ड, म्हणजे हँडलच्या मुठींपुढे वारा अडवायला बसवतात ते कव्हर, असतील तर निम्मं काम झालं. लीव्हर लोखंडासारखा थंड लागतो, त्यावर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवा, फक्त लीव्हर पूर्ण दाबला जातोय ना ते घरीच बघा. हीटेड ग्रिप, म्हणजे विजेवर गरम होणाऱ्या मुठी, बसवणार असाल तर रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून इग्निशनवरच, म्हणजे किल्लीबरोबर बंद होतील अशा, जोडून घ्या, नाहीतर चालू राहिली की सकाळी बॅटरी झोपलेली. मला विचाराल तर वर्षातल्या दोन महिन्यांसाठी एवढा खर्च नको.

जांबोटीला चहाला थांबलात तर बधिर हातांनी लगेच उकळता ग्लास धरू नका, भाजलेलं कळत नाही, आधी हात काखेत धरा. आणि सायलेन्सरवर ग्लोव्ज शेकायचे नाहीत, माझ्या एका मित्राचा तळवा तिथेच चिकटला, ग्लोव्जचा हो!

परतताना दुपारी केरीला उतरलात की परत घामाघूम. ते ओले ग्लोव्ज तसेच बॅगेत कोंबू नका, घरी पंख्याखाली टांगा, दमट राहिले तर पुढच्या पहाटे हात अजूनच गार पडतात.